गाडी तापतेय: मिश्रण लीन, की वारा लागत नाही?

एप्रिल उजाडला की टू-व्हीलरच्या गॅरेजवर एकच तक्रार सुरू होते. "गाडी फार तापते, जरा कार्बोरेटर बघा." कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवेचं मिश्रण करून इंजिनाला देणारा भाग, आणि मेकॅनिकचा हात सवयीने त्याच्यावरच्या मिश्रणाच्या स्क्रूकडे जातो. अर्धा फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, आयडलिंगचा, म्हणजे रेस न देता चालणाऱ्या इंजिनाचा, आवाज एकसारखा झाला की गिऱ्हाईक खूश. दोन दिवसांनी गाडी तशीच तापते. तापण्याचे प्रकार दोन आहेत. त्या स्क्रूचा संबंध त्यातल्या एकाशीच, आणि तोही अर्धामुर्धा.

पेट्रोलमधली जेमतेम पाव ते एक तृतीयांश ऊर्जा चाकापर्यंत पोचते. बाकीची सगळी सायलेन्सरमधून आणि हेड-बोअरच्या फिन्समधून (इंजिनावरच्या धातूच्या पट्ट्यांतून) उष्णता म्हणून बाहेर पडते. म्हणजे इंजिन तापणारच, तो काही आजार नव्हे. आजार दोन ठिकाणी असतो: एक तर सिलिंडरमध्ये उष्णता नको तितकी किंवा नको तेव्हा तयार होते, नाही तर नेमकी तयार झालेली उष्णता बाहेर जात नाही. दोन्हीकडे टाकीला लागलेल्या मांडीला चटका सारखाच बसतो, म्हणून गोंधळ. फरक ओळखायचा तर आधी विचारायचं की गाडी तापते कधी.

सिग्नलला, मिरवणुकीत, टोलनाक्याच्या रांगेत तापत असेल आणि मोकळ्या रस्त्याला लागून चार-पाच किलोमीटरमध्ये जाग्यावर येत असेल, तर मिश्रणाला दोष देऊ नका. एअर-कूल्ड इंजिनचा पंखा म्हणजे समोरून येणारा वारा. गाडी थांबली की पंखा बंद. तेल पातळ होतं, क्लच ओढायला लागतो, न्यूट्रल सापडत नाही, पहिला गिअर खाडकन पडतो. इलाजही तसेच साधे: फिन्समध्ये वाळून बसलेला चिखल काढा, ऑइलची पातळी आणि ग्रेड कंपनीने सांगितलाय तोच आहे ना ते बघा, इंजिनापुढे लावलेली हौसेची कव्हरं उतरवा, अर्धा क्लच दाबून रांगेत सरकायची सवय सोडा. मोठा सिग्नल असेल तर गाडी बंद करा. संपलं.

याच्या उलट, हायवेवर सत्तर-ऐंशीला रेस धरून चालल्यावर, घाट चढताना, म्हणजे भरपूर वारा लागत असताना गाडी तापत असेल, तर संशय मिश्रणावर. आणि इथे जरा खोलात जायला हवं.

निव्वळ पेट्रोल पूर्ण जळायला एक भाग पेट्रोलला वजनाने 14.7 भाग हवा लागते. हवा याहून जास्त झाली की मिश्रण लीन, कमी झाली की रिच. जास्तीत जास्त ताकद साडेबारा-तेराच्या आसपास, म्हणजे थोड्या रिच बाजूला मिळते, आणि जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या जोर लावताना साधारण तिथेच चालतात. जास्तीचं पेट्रोल वाफ होताना उष्णता शोषून घेतं, म्हणून हेड थोडं थंड राहतं. आता ॲव्हरेजच्या हट्टापायी मिश्रणातलं पेट्रोल कमी करत गेलं की आपण बरोबर 14.7 कडे सरकतो, आणि एक्झॉस्ट सगळ्यात जास्त तापतो तो त्याच्याच आसपास. म्हणून "लीन म्हणजे गरम" हे रिचकडून निघालात तर खरं. त्याच्याही खूप पुढे गेलं तर जळणाचं तापमान उतरायला लागतं, पण तोवर गाडी मिसिंग करून हैराण करते, आणि जाळ रेंगाळत जळल्याने बेंड पाइप (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा) तापलेलाच राहतो.

लीन गाडीची बाकीची लक्षणं ट्रॅफिकच्या गरमीत सापडत नाहीत. रेस उघडली की क्षणभर अडखळते. रेस सोडली की सायलेन्सरमध्ये फटाके. आयडल लगेच खाली येत नाही, वरच टांगून राहतं. एकसारख्या वेगात आपोआप ओढ-ढील, ओढ-ढील. अशा वेळी चोक थोडासा ओढून बघा: गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडत होतं, बिघडली तर पेट्रोल पुरेसं आहे, कारण दुसरीकडे शोधा.

आता तो स्क्रू. त्याचं राज्य आयडलपासून साधारण पाव रेसपर्यंत. पाव ते पाऊण रेस कार्बोरेटरमधली सुई ठरवते, त्यापुढे मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं मुख्य भोक. हायवेवर अर्ध्याहून जास्त रेसला तापणाऱ्या गाडीचा स्क्रू फिरवणं म्हणजे स्वयंपाकघरातला नळ गळतोय म्हणून न्हाणीघरातली तोटी आवळणं. त्यात स्क्रूही दोन जातींचे. यामाहाच्या आरएक्स 100 सारख्या स्लाइडच्या कार्बोरेटरवर तो एअर फिल्टरच्या बाजूला असतो आणि हवा सोडतो. बाहेर काढला की मिश्रण लीन. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या सीव्ही कार्बोरेटरवर तो इंजिनच्या बाजूला असतो आणि तयार मिश्रण सोडतो. बाहेर काढला की रिच. एकाच्या सवयीने दुसरा फिरवणारे हात मी पाहिलेत, आणि मग ॲव्हरेज का पडलं याची चर्चा आठवडाभर.

स्क्रूला हात लावण्याआधी मॅनिफोल्डचं, म्हणजे कार्बोरेटर इंजिनाला जोडणारं, रबर बघा. दहा-बारा वर्षांच्या गाडीत ते कडक होऊन बारीक तडकतं, आणि त्या फटीतून जी हवा आत येते तिचा हिशेब कार्बोरेटरकडे नसतो. आयडलवर गाडी ठेवून त्या रबरावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर चोर सापडला. कार्ब क्लीनर मारायचा मोह आवरा, तापल्या सायलेन्सरवर तो पेट घेतो.

पेट्रोलही बदललंय. इथेनॉल स्वतःच्या पोटात ऑक्सिजन घेऊन येतं, त्याला पूर्ण जळायला नऊच भाग हवा पुरते. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला म्हणून 14.7 ऐवजी सुमारे साडेतेरा भाग लागतात. जुन्या कार्बोरेटरचं जेट तेच, तर गाडी तितकी लीन झाली. उसाच्या पट्ट्यात राहून तक्रार कुणाकडे करायची म्हणा! इथेनॉल वाफ होताना जास्त उष्णता शोषतं, त्यामुळे थोडी भरपाई होते. तरी काठावर ट्यून केलेल्या जुन्या गाडीला मेन जेट एक नंबर मोठं लागू शकतं.

स्पार्क प्लगचा रंग बघून मिश्रण सांगणारे बरेच, पण प्लग कधी काढला ते महत्त्वाचं. हायवेवरून येऊन गल्लीत शिरलात, दारात दोन मिनिटं आयडलवर ठेवली आणि मग प्लग काढला, तर तो आयडलचा रंग दाखवणार. रेस भरलेली असतानाचं मिश्रण बघायचं तर मोकळ्या रस्त्यावर त्याच रेसला क्लच दाबून किल स्विच मारायचा, बाजूला थांबायचं आणि गार झाल्यावर प्लग उघडायचा. चिनीमातीचा भाग पांढराफटक, त्यावर बारीक चमकते ठिपके दिसले तर गाडी पुढे दामटू नका. ते ठिपके पिस्टनचे असू शकतात. टू-स्ट्रोकमध्ये तर पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी, विशेषतः तेल पेट्रोलमध्येच मिसळणाऱ्या गाड्यांत. तिथे तापणं आणि जाम होणं यात फार वेळ जात नाही.

मग सरळ रिचच करून टाकू? काही जण करतात, आणि हेड खरंच थोडं गार होतं. पण जास्तीचं पेट्रोल बोअरच्या भिंतीवरचं तेल धुतं, ऑइलमध्ये उतरतं, पिस्टनवर कार्बन चढवतं, आणि तोच कार्बन पुढे निखाऱ्यासारखा लाल होऊन स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटवतो. लेह-लडाखला जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की उंचीवर हवा विरळ, म्हणजे कार्बोरेटरची गाडी आपोआप रिच होते. तिथे ताकद पडली म्हणून "तापलीय, पेट्रोल वाढव" हा सल्ला उलटा आहे.

एक तिसराही संशयित असतो: टायमिंग मागे पडलेलं इग्निशन, म्हणजे स्पार्क उशिरा पडणं. मिश्रण ठीक, फिन्स स्वच्छ, तरी बेंड पाइप रात्री लालसर दिसतो आणि पिकअप मेलेला. पॉइंटवाल्या जुन्या बुलेटमध्ये हे आधी तपासावं.

1 एप्रिल 2020 नंतरच्या बहुतेक बीएस 6 गाड्यांत कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन आल्यावर फिरवायला स्क्रूच उरला नाही. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर स्थिर वेगात मिश्रण पेट्रोल पूर्ण जळण्याच्या हिशेबाजवळ धरून ठेवतो. त्यामुळे जुन्या गाडीपेक्षा ही पायाला गरम लागते ती मुळातच. रेडिएटर असेल तर सिग्नलला पंखा सुरू होऊन गरम वारा नडगीवर येतो, तेही ठरल्याप्रमाणे. बिघाड म्हणायचा तो पंखा फिरत नसेल, कूलंट उतरत असेल, किंवा बाहेरून लावलेल्या सायलेन्सरनंतर रेस सोडताना फटाके सुरू झाले असतील तेव्हा. भरलेल्या रेसला बहुतेक गाड्यांत सेन्सरचं ऐकलं जात नाही, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आधी भरलेल्या तक्त्यावरच चालतो, आणि तो तक्ता कंपनीचा सायलेन्सर गृहीत धरूनच बनवलेला असतो.