झांजा, मासे आणि टेबलावरची थाप

आमच्या रामबागेतल्या घरी गणपतीच्या मखराला लागूनच माशांची पेटी असते. इंदूरच्याच दुकानातून आणलेले सात झेब्रा मासे, जेमतेम दीड इंचाचे. यंदा पहिल्याच आरतीला झांजा वाजल्या आणि सातही जण तळाच्या गोट्यांना जाऊन चिकटले. भाची म्हणाली, "मामा, पण ह्यांना कान कुठेत?"

आहेत, पण आत. रोहू-कटल्यापासून या टीचभर माशापर्यंत, कार्पच्या सगळ्या गोतावळ्यात पोटातली हवेची पिशवी आवाजाने थरथरते. मानेजवळच्या मणक्यांपासून बनलेल्या इवल्या हाडांची साखळी ती थरथर आतल्या कानापर्यंत पोचवते. दोन्ही बाजूंना चार-चार हाडं. जर्मन शरीरशास्त्रज्ञ वेबर यांनी १८२० मध्ये त्यांचं वर्णन केलं. याच घराण्यातल्या गोल्डफिशला सुमारे ४,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं. अशी सोय नसलेल्या बहुतेक माशांची मजल हजाराच्या आसपास संपते.

तरी झांजांवर आळ घेऊ नये. हवेतला आवाज पाण्यावर आपटून जवळजवळ सगळाच माघारी जातो. भाऊजी ताल धरायला पेटीच्याच टेबलावर थाप मारत होते, ती मात्र थेट पाण्यात उतरत होती. दुसऱ्या दिवशी पेटी खिडकीशी नेली. आरती तितकीच दणक्यात, मासे निवांत.

विसर्जनानंतर पेटी परत हलवताना जाळीत एकाची कातडी खरचटली. त्याला पाण्यात सोडलं मात्र, बाकीचे सहा तळाला जाऊन थिजले. या वेळी ना थाप, ना झांज.

मधमाश्यांच्या नाचाची भाषा उलगडणारे, पुढे १९७३ चं नोबेल मिळालेले कार्ल फॉन फ्रिश यांना हेच मिनो नावाच्या, कार्पच्याच नात्यातल्या माशांत दिसलं होतं. जखमी मासा परत सोडताच कळप पळाला. १९३८ मध्ये त्यांनी कारण मांडलं: कातडी फाटली की तिच्यातलं एक रसायन पाण्यात मिसळतं आणि बाकीच्यांना त्याचा वास येतो. गंमत अशी की मासा ते आपणहून सोडू शकत नाही. म्हणजे 'पळा रे' असं ओरडणारा कुणी नसतोच. दुसऱ्याच्या जखमेचा वास ओळखणारे मात्र सगळे. मग ते रसायन अंगात बाळगायचं कशाला? ज्या पेशींत ते असतं, त्या मुळात जंतू-परजीवींपासून कातडी राखायला असाव्यात, असा एक तर्क आहे. मला तो पटतो.

आम्ही अर्धं पाणी बदललं. संध्याकाळी दाणे टाकले तेव्हा सगळ्यांत आधी वर आला तो खरचटलेलाच.