गोळी बंद झाली तरी औषध चालूच असतं

"चार दिवस झाले गोळी घेतोय, धडधड आहे तशीच आहे." आणि, "ती गोळी बंद करून दोन महिने झाले, मग आताचा त्रास तिचा कसा असेल?" ज्या घरात कुणी हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी औषध घेतं, तिथे ही दोन्ही वाक्यं कधी ना कधी ऐकू येतात. दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे: गोळी पोटात गेली की काम सुरू, बंद केली की काम संपलं. तापाच्या आणि पित्ताच्या गोळ्यांनी आपल्याला तशी सवय लावली आहे. पण ॲमिओडॅरोन नावाच्या औषधाला हा हिशेब लागू पडत नाही. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो, आणि रुग्णांच्या ज्या तक्रारी घरात "काहीतरीच" म्हणून उडवून लावल्या जातात, त्यांतल्या बहुतेक या एका रेणूच्या स्वभावातून कशा निघतात हे समजावून सांगायला मला मनापासून आवडतं.

आधी ठोक्यांबद्दल थोडक्यात. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यातला, म्हणजे उजव्या अलिंदातला, पेशींचा एक छोटा पुंजका ठरावीक वेळाने विद्युत संदेश सोडतो, तो आधी अलिंदांत, मग खालच्या कप्प्यांत म्हणजे निलयांत पसरतो आणि हृदय आकुंचन पावतं. एट्रियल फिब्रिलेशन या विकारात अलिंदांमध्ये एकाच वेळी अनेक लहरी भरकटत फिरतात, मिनिटाला 350 ते 600. त्यांतल्या काहीच खाली निलयांपर्यंत पोहोचतात, त्याही कसलाही क्रम न पाळता. मग रुग्ण सांगतो की ठोका चुकला आणि पाठोपाठ दोन एकदम आले, धडधड घशापर्यंत जाणवते, एक जिना चढला तरी दम लागतो. काहींना यातलं काहीच जाणवत नाही. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या ईसीजीत ते अचानक कळतं.

हृदयाची प्रत्येक पेशी एकदा उत्तेजित झाली की पूर्वस्थितीवर यायला क्षणभर वेळ घेते. त्या वेळात पेशीतून पोटॅशियमचे आयन बाहेर पडतात, आणि तोवर नवी लहर तिच्यातून जाऊ शकत नाही. ॲमिओडॅरोन पोटॅशियमची ही वाट अरुंद करतं. पेशीची विश्रांती लांबते, गोल फिरून परत आलेल्या लहरीला पुढची पेशी अजून तयार नसलेली भेटते आणि लहर तिथेच विझते. सोडियम आणि कॅल्शियमच्या मार्गांवर, तसंच ॲड्रेनलिनच्या परिणामावरही हे औषध थोडाफार लगाम घालतं, त्यामुळे ठोके मंदावतात.

आता त्या चार दिवसांच्या तक्रारीकडे येऊ. या गोळ्यांची एक नेहमीची पद्धत अशी: पहिला आठवडा 200 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, दुसरा आठवडा दोनदा, मग रोज एक. गोळ्या कमी झाल्या म्हणजे आजार उतरला, असं अनेकांना वाटतं. खरं कारण वेगळं आहे. हा रेणू पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत मात्र सहज शिरतो. रक्तात आलेलं औषध लगेच मेद, यकृत, फुप्फुस, स्नायू, त्वचा यांत ओढलं जातं. तापलेल्या रानावर पडलेला मृगाचा पाऊस आधी जमिनीत मुरतो, ओढ्याला पाणी बऱ्याच दिवसांनी येतं. आणि पाऊस थांबल्यावरही जमिनीतलं पाणी झिरपत राहून ओढा वाहतो. इथे ओढा म्हणजे रक्त. सुरुवातीचा मोठा डोस ही जमीन भिजवण्यासाठी असतो. म्हणून गोळ्यांचा पुरा परिणाम दिसायला काही आठवडे जाऊ शकतात.

ही ओढ किती असते ते मोजता येतं. दिलेल्या औषधाला रक्तातल्या त्याच्या प्रमाणाने भागलं, तर ते किती द्रवात पसरल्यासारखं वागतं हे कळतं. ॲमिओडॅरोनसाठी हा आकडा वजनाच्या किलोमागे सुमारे 60 लिटर येतो, म्हणजे 60 किलोच्या माणसात 3,600 लिटर. एवढं पाणी कुणाच्याच शरीरात नसतं. या अशक्य वाटणाऱ्या आकड्याचा अर्थ इतकाच, की रक्तात औषध अगदी थोडं आहे आणि उरलेलं जवळपास सगळं ऊतींत दडलेलं आहे. दीर्घकाळ घेऊन बंद केल्यावर त्याचं अर्धं प्रमाण शरीराबाहेर पडायला सरासरी 58 दिवस लागतात. कुणात 15, तर कुणात 142. सरासरी धरली तरी चार महिन्यांनी पाव आणि सहा महिन्यांनी आठवा हिस्सा शिल्लक असतो. "दोन महिने झाले बंद करून" म्हणणाऱ्या माणसाच्या अंगात निम्मं औषध अजून आहे.

पण चरबीत साठणं एवढंच कारण असतं तर डोळ्यांच्या आणि त्वचेच्या तक्रारी उलगडल्या नसत्या. त्यासाठी पेशीच्या आत जावं लागेल. शाळेत लयकारिका शिकलेल्या असतात: पेशीतला टाकाऊ माल पचवणाऱ्या सूक्ष्म पिशव्या. पचनासाठी त्यांच्या आत आम्लता लागते. पेशीद्रवाचा सामू (पीएच) 7.2 च्या आसपास, तर लयकारिकेतला 5 च्या खाली. सामू एका अंकाने उतरला की आम्लता दहापट होते, त्यामुळे दोनाहून जास्त अंकांचा फरक म्हणजे हायड्रोजन आयनांचं प्रमाण शंभरपटीहून जास्त. ॲमिओडॅरोनच्या रेणूला दोन अंगं आहेत, एक चरबीत रमणारं आणि दुसरं सौम्य अल्कधर्मी. त्यावर विद्युतभार नसतो तेव्हा तो लयकारिकेच्या मेदयुक्त पटलातून अलगद आत जातो. आत आम्लता भेटते, अल्कधर्मी टोक एक हायड्रोजन आयन उचलतं आणि रेणू धनभारित होतो. भारित रेणूला मेदाच्या पटलातून बाहेर पडणं फार कठीण. आत जाणारे जात राहतात, बाहेर येणारे अडकतात आणि साठा वाढत जातो.

पुढची पायरी तर विलक्षण आहे. अडकलेलं औषध लयकारिकेतल्या एका विकराला (एन्झाइमला) निष्क्रिय करतं. जुन्या पटलांतले फॉस्फोलिपिड नावाचे मेदपदार्थ पचवणं हे त्या विकराचं काम. पचन थांबलं की हे मेद थरावर थर रचत जातात, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कापलेल्या कांद्यासारखे गोल पदर दिसतात. असे थर फुप्फुसाच्या पेशींत सापडतात, यकृतात, त्वचेत आणि डोळ्याच्या पारपटलातही (कॉर्निया, डोळ्यावरचा पारदर्शक पडदा).

पारपटलावरची नक्षी हा मला सर्वांत आवडणारा भाग. औषध अश्रूंतूनही पारपटलापर्यंत पोहोचतं. पारपटलाच्या वरच्या थरातल्या पेशी कडेला जन्मतात आणि हळूहळू मध्याकडे सरकतात, तेही सरळ नव्हे तर भोवऱ्यासारख्या वक्र वाटेने. एरवी ही वाट दिसत नाही. ॲमिओडॅरोन घेणाऱ्यांत त्या पेशी आपल्या लयकारिकांत तपकिरी कण घेऊन सरकतात, आणि नेत्रतज्ज्ञाला मध्यातून फुटणाऱ्या वळणदार रेषा दिसतात. औषध काही महिने घेतलेल्या जवळजवळ प्रत्येक प्रौढाच्या डोळ्यांत त्या असतात. बहुतेकांच्या नजरेला त्यांचा उपद्रव नसतो, पण साधारण दहातल्या एकापर्यंत लोकांना रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्याभोवती वलय दिसतं किंवा धूसर वाटतं. आजोबा सांगत असतात की दिव्यांना कडी दिसते, आणि घरचे म्हणतात मोतीबिंदू असेल, वय झालं. आजोबांचं म्हणणं खरं असू शकतं. औषध बंद केल्यावर या रेषा काही महिन्यांत विरतात. मलेरियावरचं क्लोरोक्वीनही सौम्य अल्कधर्मी आणि लयकारिकेत अडकणारं, आणि त्यानेही अशीच नक्षी उमटते. नजर एकाएकी अंधुक होणं किंवा दृष्टीचा काही भाग नाहीसा होणं मात्र वेगळं. तो दृष्टिचेतेचा, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या चेतेचा, विकार असू शकतो, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवं.

त्वचेचंही असंच. "दहा मिनिटं उन्हात उभा राहिलो आणि तोंड पोळलं," ही तक्रार अतिशयोक्ती नाही. त्वचेत साठलेलं औषध सूर्याचे ए प्रकारचे अतिनील किरण शोषतं आणि आसपासच्या पेशींना इजा करतं. हे किरण साध्या काचेतून बऱ्यापैकी आत येतात, म्हणून एसटीत खिडकीजवळ बसून प्रवास केला तरी त्या बाजूचा गाल आणि हात झोंबू शकतो. नेहमीचं सनस्क्रीन लावून भागत नाही. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं मलम, पूर्ण बाह्यांचा सदरा, टोपी किंवा पदर लागतोच. वर्षानुवर्षं घेणाऱ्या काहींचा चेहरा, विशेषतः नाक आणि गाल, निळसर राखाडी होतो. हा रंग उतरायला फार वेळ लागतो, आणि काही वेळा तो पूर्ण जातही नाही.

सर्वांत गंभीर त्रास फुप्फुसाचा. कोरडा खोकला आणि वाढता दम यांवरून त्याची सुरुवात होते, आणि हवा बदलली किंवा हृदयच कमजोर झालं असं समजून आठवडे निघून जातात. ही गोळी घेणाऱ्याने नवा खोकला आणि नवा दम डॉक्टरांना सांगितलाच पाहिजे, गोळी बंद होऊन काही महिने झाले असले तरीही.

आता आयोडीन. या रेणूच्या वजनात 37 टक्के आयोडीन आहे. 200 मिलिग्रॅमच्या गोळीत 75 मिलिग्रॅम, आणि त्यातून रोज सुमारे 6 मिलिग्रॅम मोकळं होतं. प्रौढाची रोजची गरज 150 मायक्रोग्रॅम, म्हणजे हे गरजेच्या चाळीसपट झालं. घरातल्या मिठात किलोमागे 15 मिलिग्रॅम आयोडीन धरलं तर ते रोज 400 ग्रॅम मीठ खाण्याइतकं आहे. एवढा लोंढा आला की थायरॉइड ग्रंथी स्वसंरक्षणासाठी संप्रेरक बनवणं थांबवते. बहुतेकांत ती काही दिवसांत पुन्हा कामाला लागते. ज्यांच्यात लागत नाही त्यांना थकवा, थंडी, बद्धकोष्ठ, वजनवाढ. काहींत उलट घडतं, ग्रंथी अति संप्रेरक सोडते आणि वजन घटतं. अति थायरॉइड हेच अनियमित ठोक्यांचं एक प्रसिद्ध कारण. त्यातच हे औषध हातांची थरथर आणि जलद नाडी झाकून ठेवतं. म्हणून नीट चाललेली लय अचानक पुन्हा बिघडली, तर फक्त डोस वाढवण्याआधी टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) तपासणं अत्यंत गरजेचं असतं.

फिब्रिलेशनमध्ये अलिंदात रक्त साकळून पक्षाघात होऊ शकतो, म्हणून अनेकांना रक्त पातळ ठेवणारी गोळीही असते. लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापामुळे झडप आकसलेले रुग्ण आपल्याकडे आजही बरेच आहेत. त्यांना वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल द्यावं लागतं. ॲमिओडॅरोन यकृतातल्या ज्या विकराला अडवतं तोच वॉरफरिनचा निचरा करतो. वॉरफरिनची मात्रा बहुधा एक तृतीयांश ते निम्म्याने कमी करावी लागते, आणि हा परिणामही हळूहळू, आठवड्यांनी चढतो. दात घासताना रक्त येतंय, अंगावर काळे-निळे डाग उठताहेत, आणि पालेभाजी (ती कमी झाली की वॉरफरिनचा जोर वाढतो) तर कमी केलेली नाही, असं रुग्ण सांगतो तेव्हा दोष भाजीत शोधत बसू नये, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी चाचणी, करावी. ग्रेपफ्रूटचा रस ॲमिओडॅरोनची रक्तातली पातळी वाढवतो. आपलं पपनस त्याचंच पूर्वज आणि त्यातही तशीच द्रव्यं असतात, तेव्हा गणपतीच्या दिवसांत ते भरपूर खाणाऱ्यांनी डॉक्टरांना जरूर विचारावं.

एवढं वाचल्यावर कुणीतरी म्हणेल की यापेक्षा झाडपाल्याचं औषध बरं, त्याला साइड इफेक्ट नसतात. या समजुतीने माणसं दगावतात, म्हणून स्पष्ट लिहितो. ॲमिओडॅरोनचं मूळ एका झाडातच आहे. ईजिप्तमध्ये मूतखड्यावर वापरल्या जाणाऱ्या खेल्ला या वनस्पतीत खेलिन नावाचं द्रव्य असतं. कैरोत संशोधन करणाऱ्या ग्लेब फॉन ॲनरेप यांच्या प्रयोगशाळेतला एक कर्मचारी ते मूतखड्यासाठी घेत होता, आणि त्याचं छातीत दुखणं थांबलं. त्या धाग्यावरून बेल्जियमच्या लाबाझ कंपनीत 1961 साली ॲमिओडॅरोन तयार झालं, छातीदुखीवरचं औषध म्हणून. ठोक्यांवरचा त्याचा परिणाम 1970 मध्ये ऑक्सफर्डला व्हॉन विल्यम्स आणि फिजीत जन्मलेले भारतीय वंशाचे ब्रामा सिंग यांनी उलगडला. अनियमित ठोक्यांवरचं त्याआधीचं औषध क्विनिडिनही सिंकोनाच्या सालीतलंच. त्याची गोष्ट तर एका रुग्णापासूनच सुरू होते: 1912 साली एक डच व्यापारी वेंकेबाख या नामांकित हृदयतज्ज्ञांकडे आला आणि म्हणाला, एक ग्रॅम क्विनीन घेतलं की माझी अनियमित नाडी सुधारते, उद्या दाखवतो. दुसऱ्या दिवशी तो खरोखर नियमित नाडी घेऊन आला. वेंकेबाखांनी ते हसण्यावारी नेलं नाही, नोंदवून ठेवलं. 1918 मध्ये वॉल्टर फ्राय यांनी क्विनिनचं भावंड क्विनिडिन अधिक प्रभावी असल्याचं दाखवलं. आणि हेच झाडातलं क्विनिडिन काहींच्या निलयांत जीवघेणी लय सुरू करू शकतं.

मग इतक्या त्रासांचं औषध डॉक्टर देतात तरी का? कारण पर्याय नेहमी सौम्य नसतात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर निलयांत जादा ठोके येणाऱ्या रुग्णांवर अमेरिकेत कास्ट नावाची चाचणी झाली. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांनी ईसीजीवरचे जादा ठोके छान दबले, पण औषध घेणाऱ्या 755 जणांत 63 मृत्यू झाले आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्या 743 जणांत 26. चाचणीचा हा भाग 1989 मध्ये थांबवावा लागला. ज्यांचं हृदय आधीच अशक्त आहे त्यांच्यात ॲमिओडॅरोन तुलनेने कमी घातक ठरतं. तरुण आणि धडधाकट हृदयाच्या माणसाला ते पहिल्या फटक्यात सहसा देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

रेणूतलं आयोडीन काढून आणि चरबीची ओढ कमी करून रसायनशास्त्रज्ञांनी ड्रोनेडॅरोन बनवलं. ते 2009 मध्ये बाजारात आलं. ते महिनोन्महिने नव्हे तर काही दिवसांतच शरीराबाहेर पडतं, थायरॉइडला फारसं छेडत नाही. पण लय टिकवण्यात ते ॲमिओडॅरोनपेक्षा कमी पडतं, आणि तीव्र हृदय-दौर्बल्य असलेल्यांवरच्या चाचणीत त्याने मृत्यू वाढल्याचं दिसल्यावर तीही मध्येच बंद करावी लागली. त्यामुळे अशा रुग्णांच्या चिठ्ठीवर आजही 1961 सालचाच रेणू असतो. सोबत सुरुवातीला छातीचा एक्स-रे आणि डोळ्यांची तपासणी, दर सहा महिन्यांनी टीएसएच आणि यकृताच्या चाचण्या. आणि कोणत्याही शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना सांगायचं, की ही गोळी चालू आहे किंवा गेल्या सहा महिन्यांत चालू होती.