केवलमूल्याच्या दोन उभ्या रेघांमागे

‘उणे चिन्ह पुसलं की झालं केवलमूल्य.’ |−७| = ७ इतक्यापुरतं हे खरं आहे. पण |क्ष − ३| = ५ समोर आलं की मुलं अडतात, कारण पुसायचं काय तेच कळत नाही. केवलमूल्य म्हणजे खरं तर शून्यापासूनचं अंतर, आणि |क्ष − ३| म्हणजे क्ष चं ३ पासूनचं अंतर. म्हणून इथे प्रश्न अंतराचा आहे : संख्यारेषेवर ३ पासून ५ एकक लांब कोण? उजवीकडे ८, डावीकडे −२. उत्तरं दोन.

हा अंतराचा विचार चिन्हापेक्षा फार जुना आहे. ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्ता’त धन-ऋण संख्यांचे नियम दिले. धन आणि ऋण यांची बेरीज म्हणजे त्यांच्यातलं ‘अन्तर’, आणि दोन्ही सारख्या असतील तर शून्य. ५ आणि −८ यांची बेरीज करताना आपण आजही आधी चिन्हं बाजूला ठेवतो, ८ मधून ५ वजा करतो आणि मग मोठ्याचं चिन्ह ३ ला लावतो. म्हणजे केवलमूल्य वापरलंच, फक्त नाव न घेता. वजाबाकीचं उत्तर आणि दोन ठिकाणांमधली लांबी या दोन्हींना आपण ‘अंतर’च म्हणतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त (इ. स. ११५० च्या सुमारास) माकडांचं एक उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून जे उरेल त्याच्या वर्गाइतकी माकडं गुहेत गेली, एक फांदीवर दिसतंय. तर एकूण किती? समीकरण येतं क्ष² − ५५क्ष + २५० = ०. वर्ग पूर्ण केला की (क्ष − २७.५)² = ५०६.२५, म्हणजेच |क्ष − २७.५| = २२.५. उत्तरं ५० आणि ५. त्यातलं ५ भास्कराचार्यांनी नाकारलं, कारण ५ चा पाचवा भाग १, त्यातून ३ गेले की −२ उरतात, आणि अशा ऋण राशीवर लोकांचा विश्वास बसत नाही. वर्गमूळ काढताना एकच बाजू धरून दुसरी विसरणाऱ्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण जरूर दाखवावं. भास्कराचार्य दुसरी बाजू विसरले नव्हते. ती तपासून त्यांनी सोडली.

युरोपात जॉन वॉलिस यांनी १६८५ मध्ये ऋण संख्या सरळ रेषेवर चालणाऱ्या माणसाच्या रूपाने समजावली : ५ यार्ड पुढे, ८ यार्ड मागे, तर तो निघाला त्या जागेच्या ३ यार्ड मागे. फ्रेंच गणितज्ञ कोशी १८२१ मध्ये चिन्हाविना संख्येला ‘संख्यात्मक मूल्य’ म्हणत होते. दोन उभ्या रेघा आल्या १८४१ मध्ये, जर्मन गणितज्ञ कार्ल वायरस्ट्रास यांच्या लेखनात.

याच वायरस्ट्रास यांनी पुढे कलनशास्त्रातलं (कॅल्क्युलसमधलं) ‘जवळ जाणं’ काटेकोर केलं. किती जवळ हे सांगायचं, पण डावीकडून की उजवीकडून हे मध्ये आणायचं नाही, अशा ठिकाणी या रेघा नेमक्या कामी येतात. सुरुवातीच्याच समीकरणात ‘बरोबर’च्या जागी ‘पेक्षा लहान’ लिहून पाहा : |क्ष − ३| < ५. आता −२ आणि ८ ही उत्तरं उरत नाहीत. ती दोन टोकं होतात, आणि त्यांच्या मधली प्रत्येक संख्या उत्तर असते.