दोकाबाई येतेय, छत्री घ्या

जपानच्या क्युशू बेटाच्या दक्षिण टोकाला कागोशिमा नावाचं प्रीफेक्चर, म्हणजे प्रांत, आहे. तिथल्या टीव्हीवर हवामानाच्या बातम्यांत पावसासोबत आणखी एक गोष्ट सांगतात, आज साकुराजिमा या ज्वालामुखीवर वारा कुठल्या दिशेला आहे. म्हणजे राख कोणाच्या अंगणात पडणार ते कळतं. उन्हाळ्यात ती बहुतेक कागोशिमा शहरावर येते, हिवाळ्यात पलीकडच्या ओसुमी द्वीपकल्पाच्या बाजूला जाते, आणि एकदम ढीगभर पडली की लोक तिला दोकाबाई म्हणतात. ऐकायला आपल्याकडच्या एखाद्या आजीचं नाव वाटतं, पण तिकडे 'बाई' म्हणजे राख!

साकुराजिमा हा 1117 मीटर उंचीचा जिवंत ज्वालामुखी आणि त्याच्यासमोर फक्त चारेक किलोमीटरवर सहा लाखांच्या आसपास वस्तीचं शहर, मधे खाडी, फेरी 15 मिनिटांत पोचवते. घरासमोरची राख झाडून भरायला पालिका पिवळ्या पिशव्या देते. त्यांना आधी नुसतं 'राखपात पिशवी' म्हणायचे, 1991 मध्ये नाव बदलून 'राखेवर मात करायची पिशवी' केलं. पिशवी तीच, जिद्द वाढली :)

पण साकुराजिमा हे पोर आहे, खरी आई ती खाडीच. खाडीचा आतला भाग म्हणजे आयरा काल्डेरा (ज्वालामुखी खचून झालेला मोठा खड्डा), सुमारे 30 हजार वर्षांपूर्वी इथे एवढा प्रचंड उद्रेक झाला की खालचा मॅग्मा संपल्यावर वरची जमीनच खचली आणि पुढे त्यात समुद्र शिरला. तेव्हा जे गरम राख आणि प्युमिस (सच्छिद्र हलका दगड) यांचे लोट पसरले त्यांचा पांढुरका थर म्हणजे शिरासू, प्रीफेक्चरचा निम्म्याहून जास्त भाग त्याने झाकलाय, काही ठिकाणी 100 मीटरहून जाड. आता गंमत बघा, शिरासूत पाणी टिकतच नाही, चाळणीत ओतल्यासारखं खाली जातं. मग भात कसा लावणार? 1705 च्या सुमारास माएदा रिएमोन नावाच्या दर्यावर्दीने र्‍युक्यू बेटांवरून रताळं आणलं आणि ते या भुसभुशीत जमिनीत असं रुजलं की आज अख्खा जपान रताळ्याला सात्सुमा-इमो म्हणतो, सात्सुमा म्हणजे या भागाचं जुनं नाव. रताळ्याची दारू, शोचू, हा तर इथला अभिमानच.

सात्सुमावर शिमाझू घराण्याने जवळपास 700 वर्षं राज्य केलं. बाकी जपानात सामुराई शंभरात पाच-सहा, इथे मात्र चौघांत एक! एवढ्यांना पोसणार कोण, त्यामुळे बरेचसे सामुराई गावोगाव राहून स्वतःच शेती करायचे. याच मातीतला साइगो ताकामोरी, ज्याने शोगुनशाही, म्हणजे तेव्हाची लष्करी राजवट, उलथवली आणि 1877 मध्ये नव्या सरकारविरुद्धच लढत इथे शिरोयामावर मेला.

12 जानेवारी 1914. आधी भूकंपाचे धक्के चालू होते, विहिरी उकळायला लागल्या, पण हवामान केंद्र म्हणत होतं की साकुराजिमाला धोका नाही. मग डोंगर फुटला. लाव्हा इतका आला की जवळपास 400 मीटर रुंद सामुद्रधुनी बुजली आणि बेटाचं बेटपण संपलं, ते ओसुमीला कायमचं चिकटलं. कुरोकामी गावातली देवळाची कमान तीन मीटर उंच होती, आज वरचा एक मीटर तेवढा दिसतो, बाकी राखेत. दहा वर्षांनी साकुराजिमावरच्या एका शाळेत एक दगड उभा केला, त्यावर लिहिलंय की थिअरीवर विसंबू नका, काही वेगळं जाणवलं की आधी निघा. विज्ञानाच्या लेखात हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतं, पण केंद्राकडे तेव्हा उपकरणंच तुटपुंजी होती. आता डोंगर किती मिलिमीटर फुगला तेही मोजतात, आणि मोजमाप असं सांगतं की 1914 ला बाहेर पडलेला मॅग्मा खाली परत जवळजवळ भरत आलाय.

लोक मात्र कमी होत चाललेत. 1955 मध्ये प्रीफेक्चरची लोकसंख्या 20 लाख 44 हजार होती, 2020 मध्ये 15 लाख 88 हजार. राखेला घाबरून नव्हे हो, तरुण पोरं नोकरीला ओसाका-टोकियोकडे गेली. साकुराजिमावर तर उद्रेकाआधी 21 हजारांच्या आसपास माणसं होती, आता चार हजारही नाहीत. शाळेची मुलं पिवळं हेल्मेट घालून जातात. आणि थडग्यांवरसुद्धा छपरं घातलेली असतात, राख पडू नये म्हणून.