ऑइल सील गळतं, पण दाब कुठून येतो?

गोव्यातल्या साखळी, उसगाव, धारबांदोडा या खाणपट्ट्यात खनिज वाहून वाहून थकलेले ट्रक अजून धावतात. त्यातला एखादा मागून बघा. दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो, त्याच्यावर तांबडी धूळ काळपट लेपासारखी थापलेली असते. कोरड्या लोखंडावर धूळ अशी चिकटत नाही, तिला तेल लागतं. म्हणजे डिफरेन्शियल, म्हणजे हाच गोळा, गळतोय. मेस्त्री तेल अडवणारं रबरी सील बदलून देतो आणि दोन महिन्यांत ओघळ परत येतो, कारण सील का गेलं हे कुणी बघितलेलंच नसतं.

या गोळ्याचं काम मोठं सुंदर आहे. दोन चाकांमधलं अंतर 1.8 मीटर धरलं, तर अनमोड घाटातल्या अर्धवर्तुळी वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा साडेपाच मीटरांहून जास्त चालतं. वळण लहान असो वा मोठं, हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाकं एकाच दांड्याला पक्की जोडली असती, तर दर वळणाला टायर घासले असते. डिफरेन्शियल दोघांना जोर देतं आणि ज्याच्या त्याच्या वेगाने फिरूही देतं. आतल्या क्राऊनचे (मोठ्या दातेरी चाकाचे) आणि त्याला फिरवणाऱ्या लहान पिनियनचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतातही. त्या दाबाखाली साधं तेल टिकत नाही, म्हणून 90 नंबरच्या गिअर ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगं घालतात. त्याचा तो उग्र वास गंधकाचाच.

पिनियनचा दांडा जिथून बाहेर येतो, तिथे रबरी ओठ असलेलं सील बसतं. ट्रक ताशी 50 किलोमीटरने जाताना दांडा मिनिटाला दीड हजारांवर फेरे घेतो आणि ओठाखाली तेलाचा केसाहून कितीतरी पातळ थर असतो. एवढ्या नाजूक अडसराने दाब अडवावा अशी अपेक्षाच नाही. दाब सोडायला वरच्या बाजूला ब्रीदर असतो, बोंडाएवढा. खाणपट्ट्यातल्या चिखलाने तो बुजला की घात होतो. आतली हवा 30 अंशांवरून 90 अंशांवर तापली, की दाब सुमारे 20 टक्के वाढतो. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 200 ग्रॅमचा रेटा, आणि तेलाला वाट एकच, सीलची.

पावसाळ्यात उलटं घडतं. तापलेला गोळा पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ओठाशेजारून पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ झालं तर हेच झालंय.

सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा कितीतरी ट्रक दारात उभे राहिले. उभ्या गाडीत तेल खाली बसतं, सीलचा ओठ कोरडा पडून कडक होतो आणि दांड्यावर ओठाच्या जागी गंज धरतो. चालत्या गाडीत उरलेलं काम तांबड्या धुळीतलं हेमॅटाइट करतं. ते ओठात रुतून पोलादावर चर पाडतं.

म्हणून आधी गोळा डिझेलने स्वच्छ धुवा, वीसेक किलोमीटर चालवा आणि सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची ओली जागा शोधा. वाऱ्याने तेल मागे पसरतं, खालचा थेंब फसवतो. ब्रीदर काढून फुंकून बघा. सपाट जागी तेलाची पातळी भरणीच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंतच हवी. जास्त भरलं तरी गळतं.

सील काढायचंच असेल तर चाकांना दगड लावल्याशिवाय गिअरबॉक्सकडून पिनियनला जोडलेल्या शाफ्टला हात लावू नका. शाफ्ट सुटला की गिअरमध्ये उभी गाडीही मोकळी होते. पिनियनच्या नटावर आणि दांड्यावर खूण करा. बऱ्याच गाड्यांत त्या नटाच्या आवळण्यावर बेअरिंगचा ताण ठरतो आणि जोरात आवळलं तर बेअरिंग जळतं. पिनियन हाताने हलत असेल तर बेअरिंग आधी, सील नंतर. चरात नख अडकत असेल तर तिथे दांड्यावर पातळ स्लीव्ह (धातूची नळी) बसवून घ्या. नव्या सीलच्या ओठाला तेल लावूनच बसवा.

गळती चाकाकडे असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका. तिथलं तेल ब्रेकच्या लायनरवर, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या पट्टीवर, जातं आणि घाट उतरताना गाडी एका बाजूला ओढली जाते. तेल प्यालेला लायनर पेट्रोलने धुऊन परत लावतात, ते करू नका. लोड घेऊन ब्रेक तापले की आत मुरलेलं तेल पुन्हा वर येतं. दोन्ही चाकांचे लायनर नवे घाला.