विंडोचा आकार ठरवायचा कोणी?

१९८४च्या मॅकिंटॉशवर विंडो लहान-मोठी करायची तर खालच्या उजव्या कोपऱ्यातला छोटा चौकोन धरावा लागे. प्रोग्रामरने तो चौकोन नसलेला विंडोप्रकार निवडला की आकार पक्का, काम झालं. कुठल्याही कडेला धरून ओढायची सोय मॅकवर थेट २०११ साली आली.

आकार गोठवायची सवय रुजली ती नव्वदच्या दशकात, व्हिज्युअल बेसिक आणि डेल्फी या प्रोग्रामिंगच्या साधनांच्या भरात. फॉर्मवर, म्हणजे विंडोच्या कोऱ्या आराखड्यावर, बटणं माउसने नेऊन ठेवायची, प्रत्येकाची जागा आकड्यांत पक्की. विंडो ताणली की उजवीकडे नुसता करडा पट्टा, आक्रसली की ‘ओके’ बटण कडेखाली गडप. कडेला धरून राहणारे ‘अँकर’ डेल्फीत १९९८च्या चौथ्या आवृत्तीत आले. तोवर मांडणीचा हिशेब हाताने करत बसण्यापेक्षा बॉर्डर ‘फिक्स्ड’ करून मोकळं होणं परवडायचं. वापरणाऱ्याच्या भल्यासाठी म्हणून सांगितलं जाई; पण खरी सोय प्रोग्रामरचीच होती.

आणि ‘फिक्स्ड’ म्हणजे नेमकं काय बंद, इथे घोळ आहे तो आजही आहे. विंडोजमध्ये जाड कडेचा स्टाइल बिट (विंडोचा एकेक गुण चालू-बंद करणारी खूण) काढला की माउसने ओढणं थांबतं, एवढंच. मॅक्सिमाइझचा बिट वेगळा. म्हणून विंडोज फॉर्म्स या मायक्रोसॉफ्टच्या टूलकिटमध्ये (विंडो-बटणं बनवायच्या तयार संचात) ‘फिक्स्ड सिंगल’ ही कड निवडूनही टायटल बारवर डबल क्लिक केलं की फॉर्म स्क्रीनभर पसरतो. मॅक्सिमाइझ बॉक्स स्वतंत्रपणे बंद करावा लागतो. दुसरा मार्ग किमान आणि कमाल आकार सारखाच ठेवण्याचा. त्यात कड जाडच राहते, कर्सर दुतोंडी बाण होतो आणि आकार मात्र बदलत नाही. हा प्रकार जास्त वाईट, कारण दार दिसतं पण उघडत नाही.

युनिक्सकडच्या एक्स विंडो प्रणालीत हाच किमान-कमालचा मार्ग रूढ आहे, पण तिथे ती फक्त सूचना असते. मानायची की नाही, हे विंडो मॅनेजर, म्हणजे पडद्यावरच्या सगळ्या विंडो सांभाळणारा वेगळा प्रोग्राम, ठरवतो. यावर प्रोग्रामर अजून कुरकुरतात. पण स्क्रीन वापरणाऱ्याचा आहे, तेव्हा शेवटचा शब्द प्रोग्रामकडे न देणं योग्यच होतं. एक्सची जागा घेणाऱ्या वेलँडनेही तेच धोरण पुढे चालवलं.

पुढे पडद्यांची घनता वाढली. ९६ डीपीआय (इंचाला ९६ ठिपके) धरून मोजलेल्या चौकटींत अक्षरं कापली जाऊ लागली. भाषांतरित लेबलं लांब झाली की तेच. विंडोजमधला पाथ (प्रोग्राम कुठल्या फोल्डरांत शोधायचे त्याची नोंद) संपादित करायचा जुना डायलॉग यातला नामचीन: शेकडो अक्षरांची ओळ, एका ओळीची खोकी, आणि विंडो मोठी करायची सोय नाही. विंडोज १०मध्ये त्या जागी यादी आली.

आता क्यूटीसारख्या टूलकिटमध्ये आकार लेआउटवरच, म्हणजे मांडणीचा हिशेब आपोआप करणाऱ्या भागावर, सोपवता येतो. मजकूर वाढला की विंडो स्वतः वाढते, हाताने मात्र ताणता येत नाही.