उच्चतापी धातुविज्ञान (नागपूर परिसर)

खनिजे किंवा कारखान्यांतील टाकाऊ पदार्थ भट्टीत सुमारे १,००० ते १,७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यांतून धातू, मिश्रधातू, सिमेंटचे घटक किंवा उष्णतारोधक पदार्थ मिळवण्याचे तंत्र. नागपूर परिसरात त्याचा मुख्य आधार म्हणजे मँगॅनीज. मनसर, कांद्री, गुमगाव (खापाजवळचे, वर्धा लोहमार्गावरचे नव्हे) आणि भंडारा जिल्ह्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील खाणी चालवणाऱ्या ‘मॉईल’ या सरकारी मँगॅनीज खाण कंपनीचे मुख्यालय नागपुरात आहे. फेरोमँगॅनीजच्या (लोह व मँगॅनीजच्या मिश्रधातूच्या) भट्ट्या मात्र बालाघाट, चंद्रपूर येथे.

विद्युत भट्टीत धातुक (ज्यातून धातू काढतात ते खनिज), कोक (दगडी कोळशापासून केलेला कार्बनयुक्त पदार्थ) आणि चुनखडी किंवा डोलोमाइट यांचा थर भरतात. इलेक्ट्रोड, म्हणजे वीज आत नेणारे कार्बनचे दांडे, त्या थरातच रुतलेले असतात. लोहाच्या ऑक्साइडमधील ऑक्सिजन वर चढणारा कार्बन मोनॉक्साइड वायूच काढून घेतो. मँगॅनीज तितके सहज सुटत नाही; मँगॅनीज मोनॉक्साइडला तापलेला कोकच लागतो, तोही १,४०० अंशांच्या आसपास. म्हणून बरेचसे मँगॅनीज स्लॅगमध्ये, म्हणजे धातुमळीत, उतरते. चुनखडी कमी घातली तर मळीत ३० ते ४० टक्के मँगॅनीज मोनॉक्साइड राहतो. हा निष्काळजीपणा नव्हे, हिशेब असतो. धातुकातील फॉस्फरस जवळजवळ सगळा धातूत जातो, त्यामुळे मळी त्यापासून बरीच मोकळी असते. भारतीय मँगॅनीज धातुकाची मोठी अडचण फॉस्फरस हीच असल्याने, पुढच्या भट्टीत क्वार्ट्झ (सिलिकेचे खनिज) व कोकसह सिलिकोमँगॅनीज (सिलिकॉन असलेला मँगॅनीजचा मिश्रधातू) करताना ही मळी काही धातुकांपेक्षाही सरस ठरते. सिलिका फोडायची असल्याने ही भट्टी अधिक तापवावी लागते आणि वीजही जास्त खाते. तिची मळी मात्र मुख्यतः भरावाला.

कोराडी आणि खापरखेडा वीजकेंद्रांची राख हा परिसरातला दुसरा साठा. तिच्यात सिलिका व ॲल्युमिना भरपूर. वरून ॲल्युमिना घालून १,४०० ते १,५०० अंशांवर भाजल्यास म्युलाइट हे उष्णतारोधक खनिज तयार होते. ते भट्टीच्या अस्तराला चालते. तरीही राख विटा आणि सिमेंटकडेच जास्त वळते, कारण इतक्या तापाचे इंधन परवडायला हवे.

बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढताना उरणारा लाल चिखल नागपूरचा नाही. त्यावरचे संशोधन मात्र अमरावती मार्गावरील वाडीच्या जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्रात चालते. चिखलातील लोह कार्बनने सुटे करता येते. त्यातला सोडा भट्टीचे अस्तर खातो, ही खरी डोकेदुखी.